सहा गोळ्यांनंतर

रिव्हॉल्व्हरची चर्चा निघाली की लोक नेमाबद्दल बोलतात, बोअरबद्दल बोलतात, फार तर आवाजाबद्दल बोलतात. सहावी गोळी सुटल्यावर पुढे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. सिनेमात तर तो प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सहा घरांच्या सिलिंडरमधून दहा-बारा बार बिनदिक्कत निघतात. प्रत्यक्षात सहा बार काही सेकंदांत संपतात आणि हातात उरतं ते किलोभर लोखंड. ते पुन्हा शस्त्र व्हायला किती वेळ लागतो, यावरच त्या रिव्हॉल्व्हरची खरी पिढी ओळखावी. नळी, मूठ, घोडा (बार उडवायला आपटणारी मागची हातोडी) यांत शंभर वर्षांत फारसं काही बदललं नाही. बदलत गेला तो हा मधला रिकामा वेळ.

इंदूरकरांना शस्त्रं पाहायला लांब जावं लागत नाही. विमानतळाच्या अंगाला, बिजासन टेकरीकडे सीमा सुरक्षा दलाची शस्त्रशाळा आणि तिचं संग्रहालय आहे. पलीकडे महूला इन्फंट्री स्कूल आहे. पण कुठल्याही संग्रहालयात रिव्हॉल्व्हर बहुधा मिटलेलं मांडतात. मिटलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बघण्यासारखं फार कमी असतं. ते उघडतं कसं, उघडल्यावर पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, बाहेर कशा येतात, हे काचेपलीकडून कळत नाही, आणि कारागिरांची सगळी अक्कल तर तिथेच खर्च झालेली असते.

सुरुवात टोपीच्या, म्हणजे बार पेटवायला प्रत्येक घरामागे वेगळी स्फोटक टोपी बसवायच्या रिव्हॉल्व्हरपासून करू. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत १८३६ मध्ये पेटंट घेतलं, पण त्याचं नाव खऱ्या अर्थाने चाललं ते १८५१ च्या नेव्ही मॉडेलने. सहा घरं, .३६ बोअर. १८५३ मध्ये त्याने लंडनलाच कारखाना टाकला. तिकडे रॉबर्ट ॲडम्सचं पाच घरांचं रिव्हॉल्व्हर त्याच्याशी स्पर्धेत होतं. इंग्रज अधिकारी ही शस्त्रं आपापल्या पैशाने विकत घेत. १ जुलै १८५७ रोजी होळकरांच्या फौजेतल्या तुकड्यांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला असायचं ते याच जातीचं, टोपीचं हत्यार.

ते भरायची रीत अशी. घोडा अर्धा मागे ओढून पहिल्या खाचेत ठेवायचा, म्हणजे सिलिंडर हाताने मोकळं फिरतं. नळीचं तोंड वर. दारूच्या कुप्पीला पुढे मापाची तोटी असते. तिच्या तोंडावर बोट ठेवून कुप्पी उलटी करायची, खटका दाबून सोडायचा, की तोटीत मावेल तेवढीच दारू उरते. नेव्ही मॉडेलला ही दारू साधारण २० ते २५ ग्रेन, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. ती एका घरात ओतायची, वर शिशाची गोल गोळी ठेवायची, सिलिंडर फिरवून ते घर नळीखालच्या दांड्यासमोर आणायचं आणि दांडा खाली ओढून गोळी ठासायची. गोळी .३७५ इंचाची असते, घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी. ठासताना तिच्या कडेचं शिसं बारीक वर्तुळात तासलं जाऊन बाहेर पडलं पाहिजे. ते वर्तुळ पडलं नाही तर गोळी ढिली आहे असं समजायचं, आणि ढिली गोळी दोन प्रकारे घात करते: एक तर धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर अडवते, नाहीतर शेजारच्या घराची ज्वाळा तिच्या कडेने आत शिरते आणि न मागितलेला बार उडतो. म्हणून वर चरबी आणि मेण यांचं मिश्रण लिंपत. (१८५७ आणि चरबी हे दोन शब्द शेजारी आले की कान टवकारतात, पण ती भानगड रायफलच्या काडतुसांची होती, ती दाताने तोडावी लागत.) नुसती चरबी माळव्यातल्या मे महिन्यात पातळ होऊन दारूत उतरेल, मेण त्यासाठीच.

ठासण्याचं प्रमाणही महत्त्वाचं. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, मध्ये हवा राहता कामा नये. आणि ती सिलिंडरच्या तोंडाच्या आत गेली पाहिजे. केसभर जरी वर राहिली तरी नळीच्या मागच्या कडेला अडते आणि सिलिंडर फिरत नाही. दारू जास्त पडली की हेच होतं. म्हणून ‘थोडी जास्त असू दे’ हा शहाणपणा इथे चालत नाही.

सहाही घरं भरली की मग टोप्या. तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटक पाऱ्याचं संयुग. सिलिंडरच्या मागच्या निपलवर, म्हणजे प्रत्येक घरामागच्या बारीक पोकळ तोटीवर, ती एकेक बसवायची. दारू आणि गोळी आधी, टोपी शेवटी, हा क्रम कधीही उलटायचा नाही, कारण टोपी बसली की घर जिवंत झालं. टोपी सैल असेल तर चिमटून किंचित लंबगोल करतात, म्हणजे ती पकड घेते. घट्ट असेल आणि पूर्ण बसली नसेल तर घोड्याचा पहिला घाव ती नुसती खाली बसवण्यात खर्ची पडतो आणि बार होत नाही. दुसऱ्या घावाला होतो. शेजारच्या घरात आग शिरायची वाट सगळे समोरून समजतात, पण सैल टोपी असलेली मागची बाजूही तितकीच संशयास्पद असते.

आणि बार झाल्यावर तीच टोपी फुटते. तिचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडला की पुढचा घाव निपलपर्यंत पोचत नाही, किंवा तुकडा आत यंत्रात उतरून सगळंच जाम होतं. यावर जुन्या लोकांची एक सवय होती: घोडा ओढताना नळी वर उचलायची, म्हणजे फुटकी टोपी मागच्या मागे गळून पडते. सिनेमात नळी आभाळाकडे झटकत घोडा ओढताना दाखवतात, ती ऐट नव्हे, गरज आहे.

एवढा सगळा खटाटोप सरावलेल्या हातालाही काही मिनिटांचा असतो, आणि घोडेस्वाराला तर जवळपास अशक्य. कागदी काडतुसं निघाली. सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पातळ कागदात दारू आणि गोळी एकत्र. अख्खं घरात सरकवायचं, ठासायचं, कागद बारात जळून जातो. कुप्पी वाचली, माप वाचलं. टोप्या मात्र तशाच एकेक बसवायच्या, त्यामुळे वेळ काही अर्ध्यावर आला नाही. शिवाय कागद नाजूक आणि पावसाळी हवेत दमट होणारा. रेमिंग्टनच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक सोय होती: दांडा खाली करून आस पुढे ओढला की पूर्ण सिलिंडर बाजूने बाहेर येतं आणि भरलेलं दुसरं बसवता येतं. हौशी लोक या युक्तीवर फार खूष असतात. पण टोप्या चढवलेलं जिवंत सिलिंडर खिशात घेऊन फिरणं, आणि ते दगडावर टोपीच्या बाजूने पडलं तर काय होईल, याचा विचार केला की दुसरं रिव्हॉल्व्हरच जवळ बाळगणारे लोक अधिक शहाणे वाटतात. त्या काळातला सर्वांत वेगवान उपाय तोच होता. खोगिराला दोन बाजूंना दोन.

या टोपीच्या हत्याराचा एक गुण मात्र नंतरच्या कुणाला मिळाला नाही. त्यात रिकामं करण्यासारखं काही उरतच नाही. दारू जळाली, गोळी गेली, टोपी गळाली, घर मोकळं. धातूचं काडतूस आलं आणि दारू, गोळी, टोपी या तिन्ही वस्तू एका पितळी पुंगळीत बसल्या. भरणं कैकपटींनी सोपं झालं. पण बार झाल्यावर ती पुंगळी मागे उरली, आणि ती बाहेर काढायची कशी हा नवाच प्रश्न उभा राहिला. त्यानंतरचा निदान साठ वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांचा आहे. भरण्याच्या वेगाबद्दल सगळे बोलतात. खरा वेळ खातं ते रिकामं करणं.

बार होताना पितळ फुगून घराच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळेच धूर मागे येत नाही. दाब उतरला की ते पुन्हा आकसतं. पण भिंत खरबरीत असेल, काळ्या दारूची काजळी साचली असेल, तर नीट आकसत नाही आणि पुंगळी अडते. स्मिथ अँड वेसनचं पहिलं धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर १८५७ मध्येच निघालं, .२२ चं. त्यात पुंगळ्या काढायला सिलिंडर बाहेर काढून नळीखालच्या बसक्या खिळीवर एकेक घर दाबावं लागे. वेगाच्या नावाने शून्य, पण निदान टोप्या गेल्या.

कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, .४५ चं, हे आजही सर्वांत ओळखीचं चित्र. उजव्या बाजूला मागे एक छोटी झडप. घोडा अर्ध्या खाचेत, झडप उघडी. सिलिंडर एक घर फिरवायचं, नळीखालची कांडी मागे ढकलून एक पुंगळी पाडायची, पुन्हा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. सहा वेळा. मग सहा वेळा भरणं. ही कांडी पुंगळीच्या बरोबर मधोमध लागत नाही, कडेने आत जाते, त्यामुळे अडलेल्या पुंगळीवर नुसता जोर लावून उपयोग नसतो, नळी सरळ वर धरून ठामपणे एकदाच ढकलावं लागतं. जे लोक हे नियमित वापरतात ते रिव्हॉल्व्हर डाव्या हातात घेतात आणि कांडी, झडप, काडतुसं सगळं उजव्या हाताकडे सोपवतात. हात बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. घाई असेल तर सगळी घरं रिकामी करत बसत नाहीत. एक पुंगळी काढायची, तिथेच एक काडतूस घालायचं, पुढे सरकायचं. मध्येच थांबावं लागलं तरी दोन-तीन घरं भरलेली असतात.

याच हत्यारात पाचच भरायची पद्धत आहे. एक भरायचं, एक सोडायचं, मग चार सलग भरायची, घोडा पूर्ण ओढून हळूच सोडायचा. तो नेमका रिकाम्या घरावर टेकतो. कारण घोड्याची टोकदार सुई टेकलेल्या अवस्थेत थेट काडतुसाच्या बुडावर असते, आणि रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर पडलं तर बार होतो. ही मोजणी अंधारातही चुकू नये म्हणून ती पाठ करून घ्यायची असते.

मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरने पहिला खरा तोडगा काढला. नळी आणि सिलिंडर पुढे झुकतात आणि सिलिंडरच्या मधोमध असलेली चांदणीच्या आकाराची चकती, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, वर उचलली जाते. तिच्या कोनांत सहाही पुंगळ्यांच्या बुडाच्या कडा अडकलेल्या असतात, म्हणून सहाही एकदम उठतात. स्मिथ अँड वेसनने हे १८७० मध्ये बाजारात आणलं. १८७५ च्या स्कोफील्ड प्रकारात खटका चौकटीवर घेतला, म्हणजे लगाम एका हातात ठेवून दुसऱ्या हाताने उघडता यावं. ब्रिटिश सैन्याने १८८० मध्ये एनफील्ड घेतलं, त्यात उलटी रचना होती: पुंगळ्या मागे धरून ठेवायच्या आणि सिलिंडरच पुढे ओढून घ्यायचं. कागदावर छान. प्रत्यक्षात सर्वांत खालची पुंगळी बऱ्याचदा तिथेच लटकून राही. पाच पडल्या आणि एक अडकली, तर ते सहाही अडकल्यासारखंच.

मग १८८७ मध्ये वेब्ली आलं. हिंदुस्थानात फौजेचं रिव्हॉल्व्हर म्हणजे पुढची कित्येक दशकं वेब्ली, मार्क एकपासून १९१५ च्या मार्क सहापर्यंत. बोअर .४५५. घोड्याच्या डावीकडचा खटका अंगठ्याने दाबायचा, डाव्या हाताने नळी खाली मोडायची. मोडताना बिजागरीजवळची कळ चांदणीला वर ढकलते. नळी पूर्ण खाली गेली की चांदणी कमानीच्या जोराने खट्‌कन परत बसते. यात काडतुसाच्या आखूडपणाचा मोठा वाटा आहे. .४५५ ची नंतरची पुंगळी पाऊण इंचाच्या जेमतेम वर होती, त्यामुळे चांदणीच्या थोड्याशा उचलीतही ती घराबाहेर पडते. लांब पुंगळीला हेच यंत्र अपुरं पडलं असतं.

वेब्ली उघडण्याची एकच चुकीची रीत आहे, ती म्हणजे भीत भीत उघडणं. नळी हळू मोडली की पुंगळ्या अर्ध्या वर येतात, रेंगाळतात, एखादी तिरकी होते. तेवढ्यात चांदणी खाली बसते आणि त्या पुंगळीच्या बुडाची कड चांदणीच्या खाली जाते. आता ती घरातही नाही आणि बाहेरही नाही. चांदणी बोटाने उचलून धरायची, नखाने पुंगळी ओढायची, आणि हे सगळं करायला तिसरा हात हवा असं वाटतं. म्हणून शिकवताना पहिल्या दिवसापासून एकाच झटक्यात, पूर्ण, आणि हत्यार उजवीकडे कलतं धरून उघडायला लावतात. कलतं अशासाठी, की सुटलेली पुंगळी परत घरात न घसरता बाजूला पडावी. दुसरी अडचण बारीक कणांची. न जळलेली दारू चांदणीच्या खाली साचली की ती पूर्ण बसत नाही, काडतुसांची बुडं किंचित वर राहतात आणि रिव्हॉल्व्हर मिटत नाही किंवा मिटलं तर सिलिंडर जड फिरतं. अशा वेळी लोक खटक्यावर जोर लावतात. जोर लावून खटका झिजतो. इलाज दात घासायच्या जुन्या ब्रशाचा असतो.

रिकामं करणं असं एका झटक्यावर आल्यावर मग भरणं मागे पडलं. सहा सुटी काडतुसं, सहा घरं, थरथरती बोटं. १८९३ मध्ये प्रीडो नावाच्या इंग्रज गृहस्थाने पेटंट घेतलेलं भरणयंत्र यासाठीच होतं. पत्र्याच्या लवचीक बोटांत सहा काडतुसं गोलाकार धरलेली. ती उघड्या सिलिंडरवर ठेवून दाबली की बोटं फाकतात आणि सहाही एकदम आत. अशी कल्पना अमेरिकेत विल्यम बेलने १८७९ मध्येच नोंदवली होती. पहिल्या महायुद्धात वेब्लीबरोबर प्रीडोचं यंत्र वापरलं गेलं. आजच्या स्पीडलोडरचा हा थेट पूर्वज. आजच्यांत दोन मुख्य घराणी: एकात मागची गुंडी पिळायची, दुसऱ्यात नुसतं दाबायचं. पिळायच्या प्रकारात घाईत गुंडीऐवजी सगळं सिलिंडरच फिरतं, म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी सिलिंडर धरून ठेवायला विसरायचं नाही.

बाजूला उघडणारं सिलिंडर कोल्टने १८८९ मध्ये आणलं, स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये. कोल्टचा खटका मागे ओढायचा, स्मिथचा पुढे ढकलायचा. दोन्ही वापरणाऱ्याचा अंगठा ऐन वेळी हमखास उलट जातो. इथे क्रम दोन दिशांचा आहे. रिकामं करताना नळी आभाळाकडे, कांडीवर तळहाताचा एकच ठोका. भरताना नळी जमिनीकडे, म्हणजे काडतुसं वजनानेच आत उतरतात. नळी आडवी ठेवून रिकामं केलं की इथेही पुंगळीची कड चांदणीखाली जायचा तोच रोग. डावीकडची मुठीची फळी जाड असेल तर तिथल्या पुंगळीला आणि स्पीडलोडरला ती आडवी येते. तेवढ्यापुरती खरवडून घेतात. आणि मनगटाला हिसका देऊन सिलिंडर बंद करायचं, ही सिनेमाने शिकवलेली सर्वांत महाग सवय. ज्या काट्यावर सिलिंडर लटकलेलं असतं तो त्याने हळूहळू वाकतो, घर आणि नळी एका रेषेत राहत नाहीत, आणि गोळीचं शिसं कडेला तासलं जाऊन बाजूला उडू लागतं.

१९१७ साली अमेरिकेला युद्धासाठी पिस्तुलं कमी पडली, तेव्हा .४५ च्या पिस्तुलाची बिनकडेची काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये वापरायची वेळ आली. कड नाही तर चांदणी धरणार काय? म्हणून तीन-तीन काडतुसं धरणाऱ्या मिलिमीटरभर जाडीच्या अर्धचंद्राकृती पट्ट्या निघाल्या. दोन पट्ट्या, सहा गोळ्या. पुढे सहाही एका चकतीवर आली. यात गंमत अशी की तोडगा अडचणीतून निघाला आणि सगळ्यांत वेगवान ठरला, कारण भरताना आणि काढताना सहा वस्तूंची एकच वस्तू होते. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने १९९९ मध्ये सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून सहा बार, पुन्हा भरणं आणि आणखी सहा बार हे सगळं २.९९ सेकंदांत केलं, ते अशाच चकत्यांवर. चकती मात्र जराही वाकलेली चालत नाही. वाकली की सिलिंडर घासतं. काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून डगमगते का ते पाहतात, डगमगली की टाकून देतात.

हे सगळं वाचून ही परदेशी आणि जुनी गोष्ट वाटेल, पण इंदुरात परवान्यावर असलेली बरीच रिव्हॉल्व्हरं कानपूरच्या आयुध कारखान्यातली .३२ ची, मधून मोडणारी, म्हणजे वेब्लीच्याच कुळातली आहेत. वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात, तेल वाळून चिकट झालेलं असतं, आणि काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळत असल्याने सरावही बेताचा. अशांनी निदान नकली काडतुसांवर, भिंतीकडे तोंड करून, उघडण्याचा झटका तरी हाताला लावून घ्यावा. चांदणी नीट उचलली जाते का, पूर्ण परत बसते का, हे त्यातच कळतं. .३२ ची पुंगळी .४५५ च्या नंतरच्या पुंगळीपेक्षा लांब असते, त्यामुळे अर्धवट उघडण्याची शिक्षा इथे आणखी लवकर मिळते.

खंडेनवमीला होळकरशाहीतल्या जुन्या घरांतून तलवारी, कट्यारी बाहेर निघतात आणि त्यांच्या शेजारी हे रिव्हॉल्व्हरही पाटावर येतं. पाटावर ठेवण्याआधी ते उघडून सहाही घरं घरातल्या दोघांनी डोळ्यांनी पाहावीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. हळद-कुंकू मुठीच्या लाकडाला लावावं, सिलिंडरला नाही. चांदणीखाली गेलेलं कुंकू आणि अक्षतांचा चुरा बारुदाच्या कणांसारखाच अडतो, आणि ओलं कुंकू पोलादावर दिवाळीपर्यंत राहिलं तर गंजाचा डाग धरतो. पूजा उतरली की त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून, चांदणी वर उचलून तिच्या खालची जागा ब्रशाने साफ करावी, एक थेंब तेल, त्याहून जास्त नाही, आणि मग मिटवून ठेवावं.